साभार पोंच

मासिकाच्या अखेरच्या पानावर, जाहिरातींच्या शेजारीं, बारीक टाइपांत 'साभार पोंच' या मथळ्याचा एक रकाना असतो. संपादकांकडे अभिप्रायार्थ आलेल्या, पण अभिप्रायाचें भाग्य न लाभलेल्या पुस्तकांचीं नांवें तेथें छापतात: ग्रंथाचें नांव, ग्रंथकर्त्याचें नांव, पृष्ठसंख्या आणि किंमत. एखाद्यानें चार-पांच वर्षें रात्रीं जागून जें लिहिलें, त्याची जगानें घेतलेली नोंद एवढीच. आम्ही गेलीं पंचवीसांहून अधिक वर्षें निरनिराळ्या मासिकांतून पुस्तकांवर अभिप्राय लिहीत आलों आहों. हा रकाना मात्र आम्ही कधीं वाचीत नसूं. या वर्षीं तो वाचूं लागलों. याचें कारण एखादें पुस्तक नसून टीव्हीवर खेळावयाचे तीन खेळ आहेत, असें सांगितलें तर आमचे समव्यवसायी हंसतील. पण गोष्ट खरी आहे, आणि ती सांगितल्यावांचून मनावरचें ओझें उतरणार नाहीं.

आमचा एक पुतण्या शिक्षणासाठीं दोन वर्षांपासून आमच्या घरीं राहतो. येतांना त्यानें एक ट्रंक, एक वळकटी आणि एक प्लेस्टेशन एवढा संसार बरोबर आणला. हें यंत्र टीव्हीस जोडावयाचें असतें, आणि मग हातांत कंट्रोलर धरून पडद्यावरील माणसांस चालवितां, पळवितां व बहुधा मारतां येतें, एवढीच आमची त्याविषयींची माहिती होती. आमच्या वडिलांचें सिनेमाविषयीं जें मत होतें तेंच आमचें या यंत्राविषयीं होतें. आणि दोन्ही मतें वस्तु पाहण्यापूर्वींच तयार झालेलीं होतीं.

हा मुलगा आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या एका लहानशा मासिकांत, फारशा कोणाच्या कानीं न गेलेल्या खेळांचा परिचय करून देतो. या खेळांस 'इंडी' म्हणजे स्वतंत्र खेळ म्हणतात. बड्या कंपन्यांचे खेळ शेंकडों कारागिरांकडून व कोट्यवधि रुपयांच्या भांडवलावर तयार होतात. त्यांची कीर्ति त्यांच्या आधींच बाजारांत येऊन बसलेली असते. इंडी खेळ एकटादुकटा माणूस किंवा पांच-दहा जणांचा मेळा आपल्या हिंमतीवर तयार करतो. पूर्वीं अशा माणसांस घरगुती यंत्रांचीं दारें बहुतेक बंदच असत. कारण खेळ तबकडीवर भरून दुकानोदुकानीं मांडण्याचा खर्च त्यांस झेपणारा नव्हता. २००५ नंतरच्या दोन-चार वर्षांत यंत्राच्या पडद्यावरच दुकान उघडण्याची सोय झाली आणि तीं दारें किलकिलीं झालीं. पण दार उघडणें निराळें, आणि आंत गेल्यावर कोणी 'या, बसा' म्हणणें निराळें. त्या दुकानांत खेळांचीं चित्रें एकाखालीं एक लागलेलीं असतात. बड्यांचीं वर, लहानांचीं खालीं, आणि फार खालीं कोणी जात नाहीं. म्हणजे तेथेंही एक 'साभार पोंच' आहेच. बड्या खेळास परीक्षकाची गरज नसते. लहान खेळाचें तरणें वा बुडणें मात्र कोणीतरी लिहिलेल्या चार ओळींवर अवलंबून असतें.

एके रात्रीं पुतण्यानें असा एक परिचय भाषा तपासण्यासाठीं आमच्यापुढें ठेवला. मजकूर दोनच ओळींचा होता: चित्रें बरीं आहेत, खेळ संथ असून कंटाळा आणतो.

"पुरा खेळलास का?" आम्हीं विचारलें.

"नाहीं काका. पाऊण तास खेळलों. तेवढ्यांत समजतें."

"पाऊण तासांत काय समजतें?"

मुलगा नम्र आहे. खालीं मान घालूनच तो म्हणाला, "काका, अभिप्रायाला आलेलीं पुस्तकें तुम्ही शेवटपर्यंत वाचतां?"

त्याचें व्याकरण शुद्ध आहे असें सांगून आम्ही झोंपावयास गेलों.

झोंप आली नाहीं. १९९८ सालीं तालुक्याच्या गांवच्या एका तरुण शिक्षकाचा पहिला कवितासंग्रह आमच्याकडे अभिप्रायार्थ आला होता. त्या महिन्यांत परीक्षेचीं कामें होतीं, आणि मासिकाचा तगादा होता. आम्हीं अर्धा-अधिक संग्रह चाळला आणि आठ ओळी लिहून दिल्या. कवीनें पावसावर इतक्या कविता लिहिल्या आहेत कीं वाचकानें छत्री घेऊनच संग्रह उघडावा, असा त्यांत एक विनोद होता. तो फार गाजला. चार ठिकाणीं आमच्याच तोंडावर लोकांनीं तो आम्हांस ऐकविला, आणि प्रत्येक वेळीं आम्ही संकोचल्यासारखें करून मनांतून सुखावलों. पुढें दहा-बारा वर्षांनीं एका लग्नसमारंभांत ते गृहस्थ भेटले. त्यांच्या बोलण्यांत कडवटपणा मुळींच नव्हता. "आपलें परीक्षण मीं जपून ठेवलें आहे," ते म्हणाले. "दुसऱ्या भागाविषयीं मात्र आपण कांहीं लिहिलें नाहीं." आम्हीं जागेच्या अडचणीची सबब सांगितली, त्यांनीं मान हलविली, आणि पंगत बसल्यामुळें संभाषण तेथेंच राहिलें. संग्रहास दुसरा भाग आहे हें आम्हांस त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतें. त्या गृहस्थांचें दुसरें पुस्तक निघालें नाहीं. त्याचें कारण आमच्या आठ ओळी नसतीलही. पण हा तर्क आमच्या सोयीचा आहे, म्हणूनच आमचा त्यावर विश्वास बसत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहाच्या वेळीं आम्हीं पुतण्यापुढें एक करार मांडला. दिवाळीच्या सुटींत त्यानें निवडावे ते तीन लहान खेळ दोघांनीं मिळून शेवटपर्यंत खेळावयाचे, आणि खेळ पुरा होईपर्यंत कोणीं एक अक्षर लिहावयाचें नाहीं. त्यानें मान्य केलें. बहुधा आम्ही तीन दिवसांत माघार घेऊं असा त्याचा अंदाज असावा.

तो अंदाज अगदींच चुकीचा नव्हता. कंट्रोलरवर दोन लहान दांड्या असतात. एका आंगठ्यानें चालावयाचें व दुसऱ्या आंगठ्यानें पाहावयाचें. मनुष्यप्राणी हीं दोन्ही कामें जन्मल्यापासून एकत्र करीत आला आहे, त्यामुळें त्यांची फारकत झाली कीं बुद्धि चालत नाहीं. पहिल्या संध्याकाळीं आम्ही बराच वेळ एका भिंतीस नाक लावून उभे राहिलों व उरलेला वेळ आढ्याकडे पाहण्यांत घालविला. जळमटें शोधतां आहां काय, असें आमच्या पत्नीनें स्वयंपाकघरांतून विचारलें.

पहिला खेळ 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन'. लुकस पोप नांवाच्या माणसानें तो जवळजवळ एकट्यानें, संगीतासुद्धां, चार वर्षांहून अधिक काळ खपून तयार केला. संगणकावर तो २०१८ सालीं आला आणि घरगुती यंत्रांवर २०१९ सालीं. जाणत्या मंडळींत तो नांवाजलेला आहे. आमच्यासारख्या घरांतून त्याचें नांवही पोंचलेलें नाहीं. ईस्ट इंडिया कंपनीच्या कामावर निघालेलें 'ओब्रा डिन' हें जहाज १८०३ सालीं बेपत्ता झालें. १८०७ सालीं तें इंग्लंडांतील फॅल्मथ बंदराजवळ वाहत येऊन लागतें. वर जिवंत माणूस एकही नाहीं. कंपनीचा विमा-निरीक्षक म्हणून खेळणारास त्यावर चढावयाचें असतें. त्याच्याजवळ एक खिशांतलें घड्याळ असतें. प्रेताजवळ तें धरलें कीं प्रथम अंधारांत त्या माणसाच्या अखेरच्या घटकेचे आवाज ऐकूं येतात, आणि मग मृत्यूचा तो क्षण भोंवतीं गोठून उभा राहतो. त्या गोठलेल्या क्षणांत हिंडून, जहाजावरील साठ माणसांपैकीं कोण कोणता आणि त्याचें पुढें काय झालें, हें एका वहींत भरावयाचें.

चित्रें दोनच छटांचीं, जुन्या पुस्तकांतील लाकडी ठशांच्या चित्रांची आठवण देणारीं. उलगडून सांगणारा कोणी नाहीं. बोलण्याची धाटणी, निजण्याच्या झोळीवरील क्रमांक, अंगावरचें गोंदण, पायांतील जोडा, असल्या खुणांवरून माणूस ओळखावा लागतो. शिवाय खेळणारानें अंदाजानें उत्तरें ठोकूं नयेत म्हणून कर्त्यानें एक युक्ति योजिली आहे. तीन माणसांविषयींचीं उत्तरें सर्वस्वीं बरोबर झाल्यावांचून त्यांपैकीं एकही बरोबर असल्याचें तो कळूं देत नाहीं. आम्हीं उभ्या आयुष्यांत हजारों उत्तरपत्रिका तपासल्या. प्रश्न न समजतांही चार गुण मिळविणारे विद्यार्थी पाहिले, आणि ते गुण देणारे परीक्षकही, आरशांत, पाहिले. इतकी चोख परीक्षा आमच्या पाहण्यांत नव्हती.

जहाजाच्या नामावलींत प्रत्येकाचा देश नमूद आहे, आणि त्यांत हिंदी खलाशीही आहेत. त्यांपैकीं दोघे प्रवासाच्या आरंभींच आजारानें मरतात. पुढें जहाजावर जे बंड, खून व उत्पात होतात त्यांच्याशीं या दोघांचा कांहीं संबंध नाहीं. "काका, हे दोघे बिनमहत्त्वाचे," पुतण्या म्हणाला, "नांवें कशींही टाका." आम्हीं टाकलीं. तीं नेमकीं उलटीं पडलीं, आणि त्यामुळें तिसऱ्या एकाचें बरोबर उत्तरही पक्कें होईना. दोन संध्याकाळ अशा गेल्या. तिसऱ्या दिवशीं आम्ही पुन्हां त्या गोठलेल्या क्षणांत शिरलों व त्या दोघांकडे प्रथमच नीट पाहिलें. आमच्या कोंकणपट्टीवरून किती खलाशी परक्यांच्या जहाजांवर चढले आणि किती परत आले नाहींत, याचा हिशेब कोणीं ठेवला? या खेळांत निदान दोघांचीं नांवें जागच्या जागीं लिहिल्यावांचून वही पुरी होत नाहीं. पुस्तक चाळतां येतें, मधलीं पानें उलटतां येतात, शेवट आधीं पाहतां येतो. येथें तसें कांहीं चालत नव्हतें. अकरा संध्याकाळीं आम्हीं तें जहाज पुरें वाचलें. 'वाचलें' हाच शब्द आम्हांस योग्य वाटतो.

दुसरा खेळ 'अनपॅकिंग'. ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेनच्या विच बीम या मेळ्यानें तो २०२१ सालीं प्रसिद्ध केला. यांत शत्रु नाहीं, संवाद नाहीं, आणि जिची ही गोष्ट ती बाई कोठें दिसतही नाहीं. १९९७ पासून २०१८ पर्यंत तिनें आठ वेळां बिऱ्हाड हलविलें. प्रत्येक नव्या जागेंत तिचीं खोकीं येऊन पडलेलीं असतात. तीं उघडून एकेक वस्तु काढावी व जागेवर ठेवावी, एवढाच खेळ. दोन घरें लावून झालीं तेव्हांच आमचा अभिप्राय मनांत तयार झाला होता: टापटीप शिकविण्यास बरा. करार होता म्हणून तो कागदावर उतरला नाहीं.

२०१० सालचें घर आलें तेव्हां आमची पत्नी मेथी निवडीत जवळ बसली होती. या वेळीं ही बाई एका पुरुषाच्या घरीं राहावयास आली आहे. घर त्याच्या वस्तूंनीं आधींच भरलेलें. तिचीं भांडीं, पुस्तकें, कपडे यांस जागा करतां करतां पुरेवाट झाली. शेवटीं राहिलें तिचें पदवीचें प्रमाणपत्र, चौकटींत बसविलेलें. भिंतींवर त्याचीं चित्रें. तेथें रीघ नाहीं. आम्हीं तें कपाटावर ठेवून पाहिलें, मेजावर ठेवून पाहिलें. खेळ मान्य करीना. खेळ सदोष आहे असें आम्ही पुतण्यास म्हणालों.

"पलंगाखालीं ठेवा," पत्नी म्हणाली.

ठेवलें. तें घर पुरें झालें.

मेथीची जुडी संपेपर्यंत ती कांहीं बोलली नाहीं. मग उठतांना म्हणाली, "माझेंही तेथेंच आहे."

ती बी. एस्सी. आहे, पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झालेली. ही गोष्ट आम्ही विसरलों होतों असें नाहीं. ती आम्ही चारचौघांत अभिमानानें सांगतही असूं. परंतु तें प्रमाणपत्र कोठें आहे हा प्रश्न आम्हांस तीस वर्षांत पडला नव्हता. आमच्या दोन्ही पदव्या चौकटींत घालून दिवाणखान्यांत लावलेल्या आहेत. ज्या टीव्हीवर आम्ही हा खेळ खेळत होतों त्याच्या अगदीं वर. दुसऱ्या दिवशीं आम्हीं पलंगाखालची ट्रंक ओढून काढली आणि प्रमाणपत्र चौकटींत घालून भिंतीवर लावूं असें सुचविलें. "राहूं दे," ती म्हणाली, "तेथें त्याला वाळवी तरी लागली नाहीं." आमच्या एका चौकटीच्या कोंपऱ्यांतून वाळवीची मातकट रेघ वर गेली होती. ती आम्हीं तेव्हां पाहिली. तिनें केव्हांच पाहिली असली पाहिजे.

या खेळास २०२२ सालीं ब्रिटिश अकादमीचें कथनाबद्दलचें पारितोषिक मिळालें, असें पुतण्यानें मागाहून सांगितलें. संवादाचें एकही वाक्य नसलेल्या कृतीस कथनाचें पारितोषिक, हें ऐकून महिन्यापूर्वीं आम्हीं एक विनोद केला असता.

तिसरा खेळ 'राजी'. हा आपल्या महाराष्ट्रांतला, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मेळ्यानें केलेला. २०१७ सालीं त्यांनीं लोकवर्गणीनें भांडवल उभारण्याचा यत्न केला, तो फसला. तरी काम सुटलें नाहीं. २०२० च्या ऑगस्टांत खेळ प्रथम निन्टेन्डो स्विचवर आला व ऑक्टोबरांत इतर यंत्रांवर. राखीपौर्णिमेच्या दिवशीं असुर येऊन मुलें पळवून नेतात. कसरतींत तरबेज असलेली राजी आपल्या धाकट्या भावाच्या शोधार्थ निघते, आणि दुर्गा तिला त्रिशूळ देते. दुर्गा आणि विष्णु हीं दोघें वरून या मुलीचा प्रवास पाहत एकमेकांशीं बोलत असतात. राजस्थानी धाटणीचे वाडे व किल्ले, भिंतींवर देवीच्या कथा. आणि मधली कथा छायाबाहुल्यांनीं सांगितलेली. कुडाळजवळच्या पिंगुळीस ठाकर मंडळींचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनीं पाहिला असेल, त्यांचें मन तेथें क्षणभर तरी थांबेल.

पहिल्याच रात्रीं आमचें मन भरून आलें. पुण्याच्या मुलांनीं हें केलें! आम्हीं गुपचूप कागद ओढला आणि स्तुतीचीं दोन पानें लिहून काढलीं. सकाळीं तीं पुतण्याच्या हातीं लागलीं. त्यानें तीं वाचलीं, घडी केली, आणि शांतपणें म्हणाला, "काका, पुरा कोठें झाला?"

न वाचतां केलेली निंदा जशी खोटी, तशीच न वाचतां केलेली स्तुतिही खोटी. दोहोंच्या मुळाशीं एकच आळस आहे. फरक इतकाच कीं स्तुतीबद्दल लग्नाच्या पंगतींत कोणी जाब विचारीत नाहीं. आम्हीं खेळ पुरा केला. म्हणजे राजी आमच्या हातून असंख्य वेळां दरींत पडली आणि पुतण्यानें तिला वर काढलें. शेवटास गेल्यावर मत असें झालें: देखाव्यांची दृष्टि थोर, लढाया पुढें पुढें एकाच सांच्याच्या, आणि कथा जेथें खरी रंगावी तेथेंच एकदम संपते. हा शेवटचा दोष मोठा आहे, आणि आम्हीं तो स्पष्ट सांगितला पाहिजे. कारण जो शेवटपर्यंत गेला त्यालाच तो सांगण्याचा अधिकार आहे. पण शेवट तुटक वाटला याचा अर्थ पुढें आणखी जावेंसें वाटत होतें, हेंही त्याच माणसानें सांगितलें पाहिजे.

सुटी संपली. पुतण्यानें तो आधीं दोन ओळींत निकालांत काढलेला खेळही मग एकट्यानें बसून पुरा केला. त्याचें मत बदललें नाहीं. खेळ शेवटपर्यंत कंटाळवाणाच निघाला. मात्र आतां तो कोठें कंटाळवाणा होतो, कां होतो, आणि कर्त्याच्या मनांत काय असावें, हें त्यास दीड पानांत सांगतां आलें. तें वाचून त्या अज्ञात कर्त्यास वाईट वाटेल खरें; पण आपला खेळ कोणीतरी पुरा खेळला हें त्यास त्यांतच कळेल.

आम्हांसही एक काम उरलें होतें. माळ्यावरच्या खोक्यांतून तो कवितासंग्रह काढला आणि आरंभापासून वाचला. पहिल्या भागांत पाऊस आहे. पानोपानीं आहे, आणि अति आहे हें आजही आम्ही म्हणूं. दुसऱ्या भागांत तो नाहीं. दुसरा भाग दुष्काळाचा आहे. पहिल्या भागांतलींच शेतें, तींच गुरें, तीच म्हातारी, आणि पावसाचा शब्दही नाहीं. ज्या पावसास आम्ही हंसलों होतों, तो पुढें पडावयाचा नव्हता म्हणून कवीनें आधीं एवढा साठवून ठेवला होता. सर्वच कविता चांगल्या नाहींत. सात चांगल्या आहेत. दोन अशा आहेत कीं तीं पानें उलटतांना आमचा हात थांबला. हें सर्व आम्हीं त्या गृहस्थांस पत्रानें कळविलें. हें लिहीपर्यंत उत्तर आलेलें नाहीं, आणि यावें असा आमचा कांहीं हक्कही नाहीं.

आतां संपादकांस एक विनंति. इतःपर आमच्याकडे अभिप्रायार्थ पाठविलेलें पुस्तक वाचून पुरें होईतों तगादा करूं नये. तें आमच्या हातून पुरें होणार नाहीं असें दिसलें, तर निमूटपणें परत मागवावें आणि शेवटच्या पानावरील त्या रकान्यांत नांव, पृष्ठसंख्या व किंमत छापून मोकळें व्हावें. तो रकाना कृपण आहे खरा. पण न वाचलेल्या पुस्तकाविषयीं तो कधीं खोटें बोललेला नाहीं.